थांबून मोजलेला उजेड

रक्ताच्या सीरमवर अतिनील प्रकाश टाकला की मोजायचा पदार्थ उजळतोच, पण सोबत प्रथिने आणि बिलिरुबिनही उजळतात. या नकोशा उजेडाला, बॅकग्राउंडला, आवरण्याचा पहिला उपाय रंगाचा होता. १८५२ मध्ये स्टोक्सने क्विनीनच्या द्रावणाअलीकडे निळसर काच आणि पलीकडे पिवळी गाळणी ठेवली. टाकलेला प्रकाश अडला, द्रावणाचा स्वतःचा उजेड तेवढा दिसला. म्हणून या तंत्राची कुळी स्टोक्सपाशी नेण्याचा प्रघात आहे. मला तो अपुरा वाटतो. गाळणीला रंग कळतो, तो कोणाचा हे कळत नाही. मिश्रणातल्या दोन पदार्थांचे रंग एकमेकांवर चढले की ती हतबल होते.

दुसरे मूळ पॅरिसमध्ये आहे. एदमों बेकरेलने (किरणोत्साराचा शोध लावणाऱ्या आंरीचे हे वडील) १८५८ च्या सुमारास फॉस्फोरोस्कोप बनवला. एकाच दांड्यावर दोन चकत्या, मधे नमुना. दोन्ही चकत्यांना भोके, पण समोरासमोर न येणारी. नमुन्यावर प्रकाश पडतो तेव्हा बघणाऱ्याची बाजू बंद. ती उघडते तेव्हा दिवा झाकलेला. दिव्याबरोबर विझणारे काही डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. कोणी म्हणेल, बेकरेलला रेंगाळणाऱ्या उजेडाचा अभ्यास करायचा होता, बॅकग्राउंडशी त्याला कर्तव्य नव्हते. खरे आहे, पण बाकीचा उजेड घालवल्याशिवाय तो अभ्यास शक्यच नव्हता. १९५७ मध्ये कीअर्स, ब्रिट आणि वेंटवर्थ यांनी गोठवलेल्या मिश्रणांच्या विश्लेषणाला हीच युक्ती लावली.

फिनलंडच्या तुर्कूमधल्या सोइनी आणि हेमिला यांनी १९७९ पासून ती रक्ततपासणीकडे वळवली. सीरमचा उजेड काही नॅनोसेकंदांत सरतो; लेबल म्हणून जोडलेल्या युरोपियमच्या योग्य संयुगाच्या उजेडाचे आयुष्य सुमारे ७०० मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या झोतानंतर ४०० मायक्रोसेकंद थांबून मोजले, तर सीरमचे काही उरत नाही, युरोपियमचे निम्म्याहून अधिक उरते. वाट पाहण्यात सिग्नलही वाया जातो, हा आक्षेप इथे सौम्य होतो. रंगाची वाटही पुढे सुधारली: लॉइडची १९७१ ची सिंक्रोनस पद्धत टाकलेल्या आणि मोजलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबी ठरावीक अंतराने एकत्र सरकवून पट्टे अरुंद करते. तेलांतल्या बहुवलयी संयुगांसाठी ती उत्तमच आहे, आणि तिथे असे दीर्घायुषी लेबल लावायची गरजही पडत नाही. पण पट्टे पूर्ण एकमेकांवर आले की तिलाही वेगळे काढता येत नाहीत. वेळेच्या चाळणीतून मात्र दुसरेच काही निसटते: पिपेटला किंवा भांड्याला चिकटलेले बाहेरचे युरोपियम तितकाच वेळ उजळते, म्हणून अशा प्रयोगशाळांत भांडी धुण्याची शिस्त फार कडक असते.