हैदराबादची टीम आपली होती का?

१८ डिसेंबर २०२५ ला कतारमधल्या लुसैल स्टेडियममध्ये अरब कपची फायनल झाली. मोरोक्कोने जॉर्डनला जादा वेळेत ३-२ असं हरवलं. गंमत म्हणजे दोन्ही टीमचे कोच मोरोक्कोचेच! तारिक सेक्तिवी मोरोक्कोच्या बाकावर, तर जमाल सेल्लामी जॉर्डनच्या. रबातच्या गल्लीतली अरबी अम्मानमध्ये सहज कळत नाही म्हणे (मालवणी माणूस चंद्रपुरात जाऊन बोलायला लागला तर काय होईल, तसंच), पण लिहायची भाषा एकच.

म्हणजे भाषा एक आणि टीम मात्र पंधरा-वीस. १९६३ साली बैरुतमध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा पाचच देश होते: लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, कुवेत आणि ट्युनिशिया. जिंकलं ट्युनिशिया. पुढच्या वर्षी इराक आलं आणि मग १९६४, १९६६, १९८५, १९८८ असे चारही कप त्यांनीच नेले. १९९० मध्ये सद्दामने कुवेतमध्ये फौज घुसवली आणि १९९२, १९९८, २००२ या तिन्ही स्पर्धांत इराक नाही. चार वेळचे विजेते थेट २०१२ ला परत आले. भाषा एक आहे म्हणून भांडणं थांबत नाहीत, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण बघू. टीम एक आणि भाषा चार. त्यासाठी कतारला जायची गरज नाही, आपलं संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, पुरे. १९५६ पर्यंत हे शहर हैदराबाद राज्यात होतं. त्या राज्यात तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे जिल्हे होते आणि दरबारात उर्दू. आणि त्या काळात हैदराबाद म्हणजे भारतीय फुटबॉलचा दादा होता.

सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ च्या 'मैदान' सिनेमामुळे आपल्या पिढीला कळलं. पेशाने शिक्षक. त्यांच्या तालमीतल्या हैदराबाद पोलीस टीमने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. रोव्हर्स कप कुठे व्हायचा? मुंबईत, कूपरेजवर. म्हणजे मुंबईत येऊन, मुंबईकरांच्या नाकावर टिच्चून, पाच वेळा!

तारखा मात्र जरा नीट बघा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. रझाकारांनी जे केलं त्याच्या जखमा मराठवाड्यात ओल्या होत्या आणि पोलीस ॲक्शनच्या वेळी मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं तेही ताजं होतं. त्यानंतर दोनच वर्षांत अझीझुद्दीन, नूर मोहम्मद यांच्यासारखे खेळाडू घेऊन हैदराबादची टीम देशभर जिंकत सुटते. त्या जिंकण्याचा आनंद कुणी कुणाच्या नावाने साजरा करायचा, हा प्रश्न सोपा नव्हता. आणि माझ्या मते आपण तो सोडवलाच नाही, नुसता बाजूला ठेवला.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. कोच रहीम. संघात बलराम, झुल्फिकारुद्दीन, अझीझुद्दीन, नूर मोहम्मद हे हैदराबादी, आणि हॅटट्रिक केली मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने. औरंगाबादच्या माणसाने त्या दिवशी कुणाला 'आपला' म्हणायचं? महिन्याभरापूर्वी बलराम आपला होता, आता नेव्हिल. खरं तर दोघंही म्हणता आलं असतं.

राज्य मोडलं तरी फुटबॉलमध्ये हैदराबाद हे नाव लगेच गेलं नाही. संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांच्या टीमची स्पर्धा, हैदराबादने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ जिंकली. आणि दोन्ही फायनलमध्ये समोर कोण? मुंबई! नकाशाप्रमाणे बघितलं तर १९५७ ला औरंगाबाद हरलेल्या बाजूला होतं.

आता स्पष्टच लिहितो. मराठवाडा महाराष्ट्रात आला हे योग्यच झालं. आपल्या भाषेत शाळा आणि कोर्टकचेऱ्या मिळाल्या, ही काय साधी गोष्ट आहे? पण राज्य बदललं की सगळा जुना डेटा फॉरमॅट करायचा, असा काही नियम नव्हता. निजामाची जुलमी राजवट आणि रहीमसाहेबांची टीम एकाच फोल्डरमध्ये होती, आपण पूर्ण फोल्डरच डिलीट केला. तेलंगणवाले ती टीम आपली म्हणून सांगतात आणि त्यांचा हक्कही मोठा आहे, कारण खेळाडू बहुतेक हैदराबाद-सिकंदराबादचेच. तरी ती ज्या राज्याच्या नावाने खेळायची त्यात पैठण होतं, परभणी होतं, नांदेड होतं.

असो. रहीमसाहेब जून १९६३ मध्ये कॅन्सरने गेले, जकार्ता एशियाडचं सुवर्णपदक मिळवून वर्षही झालं नव्हतं. बैरुतचा तो पहिला अरब कपही त्याच वर्षीचा. आणि १९६३-६४ च्या संतोष ट्रॉफीच्या फायनलमध्ये महाराष्ट्रासमोर आंध्र होतं. महाराष्ट्र जिंकला, आणि या वेळी औरंगाबाद जिंकलेल्या बाजूला होतं.