हजेरीपटावरील नांव

एखाद्या कृतीच्या नांवांत कधीं कधीं पूर्वपिढीशीं चाललेला संवाद असतो. २५ ऑगस्ट १९९८ रोजीं अमेरिकेंत लॉरिन हिल या गायिकेचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा आल्बम, म्हणजे ध्वनिमुद्रित गीतसंग्रह, प्रसिद्ध झाला. रॅप म्हणजे तालावर बोलत म्हटलेलें यमकबद्ध काव्य. त्यास केवळ गल्लींतील गलबला समजणाऱ्या सुशिक्षितांनीं या नांवाचें मूळ अवश्य पाहावें.

तें मूळ कार्टर वुडसन या इतिहासकारापाशीं आहे. गुलामगिरींतून सुटलेल्या मातापित्यांच्या या पुत्रानें १९१२ सालीं हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली, आणि १९३३ सालीं ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो’ हा ग्रंथ लिहिला. शाळेंतील शिक्षण कृष्णवर्णी मुलास स्वतःच्याच लोकांना तुच्छ लेखावयास शिकवितें, हा त्याचा मुख्य आक्षेप होता.

पासष्ट वर्षांनंतर तेवीस वर्षांच्या हिलनें समाजाच्या नांवाच्या जागीं स्वतःचें नांव घातलें. संग्रहाचा आरंभ शाळेच्या घंटेनें होतो. शिक्षक हजेरी घेतात; लॉरिन हिल हें नांव पुकारलें जातें, पण उत्तर येत नाहीं. पुढें गीतांच्या मधून मधून तोच वर्ग ऐकूं येतो. तेथें मुलें प्रेमाविषयीं चर्चा करीत असतात. शिक्षकाचा आवाज रास बराका यांचा. न्यूअर्कचे हे शिक्षक २०१४ सालीं त्याच शहराचे महापौर झाले. वर्गांत जो धडा चालला आहे, तोच गैरहजर विद्यार्थिनी बाहेर ठेचा खाऊन शिकत आहे, अशी ही योजना आहे.

बाजाराची रीत मात्र निराळी. तेथें संग्रहांतील एकेक गीत सुटें करून विकतात. ‘डू वॉप (दॅट थिंग)’ हें सुटें गीत नोव्हेंबर १९९८ मध्यें बिलबोर्डच्या मुख्य यादींत येतांच पहिल्या क्रमांकावर बसलें. तरुण मुलामुलींस सावध करणारें हें गीत एकटें ऐकलें तर थोरल्या बहिणीचा उपदेश वाटतो. त्यामागून सुटें झालेलें ‘एक्स-फॅक्टर’ एकटें ऐकलें तर केवळ भग्न प्रेमाची तक्रार वाटते. दोन्ही संग्रहांत एकत्र ऐकलीं म्हणजे उपदेश करणारीच पोळलेली आहे हें कळतें, आणि त्या उपदेशास वजन येतें.

फेब्रुवारी १९९९ मध्यें हिलला एकाच रात्रीं पांच ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. वर्षांतील सर्वोत्तम संग्रहाचा मान हिप-हॉपला प्रथमच लाभला. परंतु त्यापूर्वींच, १९९८ सालीं, तिच्या चार सहकाऱ्यांनीं दावा लावला होता. लेखनाचें व निर्मितीचें आपलें श्रेय पुरतें दिलें नाहीं, हें त्यांचें म्हणणें. २००१ सालीं आपसांत तडजोड झाली. न्यायालयानें निवाडा दिला नाहीं.

आम्हांस हा वाद क्षुल्लक वाटत नाहीं. वुडसननें १९२६ सालीं कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, तो इतिहासाच्या हजेरीपटावर ज्यांचीं नांवें घातलींच नव्हतीं त्यांच्यासाठीं. त्याच्या ग्रंथावरून नांव घेतलेल्या कृतींत कोणाचें नांव कोठें लिहावें हा प्रश्न उपस्थित व्हावा, यांत इतिहासाचा कठोर न्याय आहे. त्यानें संग्रहाची थोरवी उणी होत नाहीं. हिलचा आवाज हिलचाच आहे. मात्र असा संग्रह ऐकणाऱ्यानें मुखपृष्ठावरील नांवापाशीं न थांबतां आंतील बारीक अक्षरांतील नांवेंहि वाचावींत, असें आम्हांस वाटतें.