‘शासन नोंदणीकृत’ कोर्स म्हणजे शासनमान्य कोर्स का?

दहावी-बारावीचा निकाल लागला की बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावातही कोर्सच्या जाहिराती सुरू होतात. ‘शासन नोंदणीकृत’, ‘आयएसओ प्रमाणित’ असे शब्द वाचून पालक फी भरतात. पण या शब्दांवरून कोर्सला मान्यता आहे, असं ठरत नाही.

नोंदणी आणि मान्यता यातला फरक
गुमास्ता, उद्यम किंवा ट्रस्टची नोंदणी म्हणजे संस्था कायद्याने अस्तित्वात आहे, इतकंच. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीचं मानक आहे. विद्यार्थी काय शिकला, हे त्यातून कळत नाही. शिवाय आयएसओ स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही.
मान्यतेत कोर्स चालवणाऱ्यांपेक्षा वेगळी, तिसरी संस्था अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र देण्याची पद्धत तपासते.

मान्यता कोण देतं?
• एनसीव्हीईटी: केंद्राची कौशल्य शिक्षणाची नियामक परिषद. ५ डिसेंबर २०१८ रोजी अधिसूचित झाली, २०२० पासून कार्यरत. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांना ती मान्यता देते.
• प्रशिक्षण महासंचालनालय (डीजीटी): आयटीआयच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रासाठी अखिल भारतीय परीक्षा घेतं.
• महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ: राज्यातल्या अल्पमुदतीच्या व्यवसाय अभ्यासक्रमांसाठी.
• एनएबीसीबी: भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था ते आयएसओ/आयईसी १७०२४ या मानकानुसार तपासतं. ‘आमच्याच क्लासला आलात तर प्रमाणपत्र सोपं’, असं सुचवणंही या मानकात चालत नाही.

तिसऱ्याची गरज का?
शिकवणारा, पेपर तपासणारा आणि फी घेणारा एकच असेल, तर नापास करण्यात त्याचंच नुकसान. असा कागद नोकरी देणाऱ्याला पटत नाही.

फी भरण्याआधी काय विचारायचं?
१. प्रमाणपत्रावर नाव कुणाचं असेल: क्लासचं की मान्यताप्राप्त संस्थेचं?
२. कोर्सचा कोड आणि एनएसक्यूएफ स्तर कोणता? ही माहिती राष्ट्रीय अर्हता नोंदवहीच्या संकेतस्थळावर पाहता येते.
३. मान्यतेची मुदत संपली तर नाही ना? मान्यता कायमची नसते.
४. हे केंद्र त्या कोर्ससाठी संलग्न आहे का? मुख्य संस्था मान्यताप्राप्त असली, तरी तिचं नाव लावणारा प्रत्येक क्लास तसा असेलच असं नाही.

क्लासच्या भिंतीवरचा कागद पाहून नव्हे, तर मान्यता देणाऱ्याच्या यादीत नाव पाहूनच फी भरावी. खासगी कोर्स चांगलं शिकवत असू शकतो. पण सरकारी भरतीत जाहिरातीत नमूद केलेलीच अर्हता धरतात.