गोदामातील ऑर्डर पिकिंग: माणूस आणि यंत्र

ग्राहकाने मोबाइलवर ऑर्डर दिली की गोदामातील हजारो वस्तूंमधून नेमकी तीच वस्तू काढून पॅकिंगच्या टेबलापर्यंत आणावी लागते. या कामाला ऑर्डर पिकिंग म्हणतात. भिवंडी परिसरातील मोठ्या गोदामांत हे काम रोज चालते. गोदाम चालवण्याच्या खर्चातला साधारण निम्मा वाटा पिकिंगचा असतो, असे मानले जाते. आणि हाताने पिकिंग करणाऱ्या कामगाराचा सुमारे निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो. त्यामुळे पिकिंगच्या बहुतेक पद्धती हे चालणे कमी करण्यासाठीच निघाल्या आहेत.

वस्तू कुठे ठेवतात?

गल्ली, रॅक, फळी आणि खाना यांवरून प्रत्येक जागेला एक कोड दिलेला असतो. कोणत्या कोडवर काय आहे, हे सॉफ्टवेअरला माहीत असते. जास्त खपाचा माल पॅकिंगजवळ, कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर ठेवतात. काही गोदामांत मात्र एकाच खान्यात पुस्तक, शाम्पू आणि चार्जर शेजारी शेजारी दिसतात. हा पसारा मुद्दाम केलेला असतो. सारख्या दिसणाऱ्या वस्तू वेगळ्या ठेवल्याने चुकीची वस्तू उचलली जाण्याची शक्यता कमी होते, आणि तीच वस्तू अनेक ठिकाणी असल्याने ती जवळ सापडते.

हाताने पिकिंगच्या पद्धती

- एकेरी: एका फेरीत एकच ऑर्डर. पद्धत सोपी, पण चालणे सर्वाधिक.
- बॅच: दहा ऑर्डरींत साबण असेल तर एकाच फेरीत दहा साबण घ्यायचे. चालणे वाचते, पण नंतर माल ऑर्डरनुसार वेगळा करावा लागतो.
- झोन: प्रत्येक कामगार आपापल्या विभागातच थांबतो आणि ऑर्डरचा ट्रे एका विभागातून दुसऱ्यात सरकत जातो.
- वेव्ह: ट्रक सुटण्याच्या वेळेनुसार ऑर्डरींचे गट करून एकेक गट कामाला लावतात.

कागदी यादीची जागा आता बऱ्याच ठिकाणी हातातल्या स्कॅनरने घेतली आहे. काही ठिकाणी खान्यावरचा दिवा पेटतो, तर काही ठिकाणी हेडफोनमधून सूचना मिळते आणि हात मोकळे राहतात.

यंत्रांनी काय बदलले?

यंत्रांमुळे माणूस मालाकडे जाण्याऐवजी माल माणसाकडे येऊ लागला. अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. तिचे बुटके रोबो जमिनीवरच्या खुणा वाचत रॅकखाली शिरतात आणि अख्खा रॅक उचलून कामगारापुढे आणतात. नॉर्वेच्या ऑटोस्टोअर यंत्रणेत डबे एकावर एक रचलेले असतात आणि रोबो वरच्या जाळीवर फिरून ते ओढून काढतात. वारंवार लागणारे डबे आपोआप वरच्या बाजूला राहतात. भारतात २०११ मध्ये सुरू झालेली ग्रेऑरेंज ही कंपनीही गोदामांसाठी रोबो बनवते.

उचलणे अवघड का?

पारदर्शक पिशवी, मऊ खेळणे, एकमेकांवर पडलेल्या वस्तू यांत काय कुठे संपते हे कॅमेऱ्याला नीट कळत नाही. अ‍ॅमेझॉनने २०१५ मध्ये सिएटलला याच कामासाठी रोबोंची स्पर्धा घेतली. विजेत्या बर्लिनच्या चमूने वस्तू ओढून धरण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरची नळी वापरली आणि २० मिनिटांत १२ पैकी १० वस्तू उचलल्या. माणसाला हेच काम एक-दोन मिनिटांचे आहे. तेव्हापासून यंत्रे बरीच सुधारली, तरी अनेक गोदामांत शेवटचा हात माणसाचाच असतो.

कामगारासाठी अर्थ

माल समोर आला की चालणे वाचते; पण एकाच जागी उभे राहून वाकणे, वळणे आणि उचलणे यांची संख्या वाढते. प्रत्येक स्कॅनची नोंद होत असल्याने कामाचा वेगही सेकंदांत मोजता येतो. याच कारणाने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा केला. मोठ्या गोदामांनी कामाचे लक्ष्य कामगाराला लेखी कळवावे, आणि जेवण, विश्रांती किंवा स्वच्छतागृहात जाणे अशक्य होईल असे लक्ष्य लादू नये, असे त्यात म्हटले आहे.