साक्षीदार झालेली बोली : त्साकोनियाचा इतिहास

ग्रीसमधील पेलोपोनीसच्या पूर्व किनाऱ्यावर, पार्नोन पर्वताच्या उतरणीवर लेओनिदिओ, तिरोस, कास्तानित्सा ही गावे आहेत. येथील त्साकोनियन बोली प्राचीन डोरिकची वारस मानली जाते. आजची जवळजवळ सर्व ग्रीक भाषारूपे मात्र उत्तरकालीन सामान्य ग्रीकातून आलेली आहेत. दिवसाला प्रमाण ग्रीकात ‘मेरा’ म्हणतात, त्साकोनियनमध्ये ‘आमेरा’. आई म्हणजे ‘माती’. हा डोरिक ‘आ’कारच या गावांच्या कीर्तीचे कारण ठरला.

ही कीर्ती निर्हेतुक नव्हती. आधुनिक ग्रीक हे प्राचीनांचे वंशज नव्हेत, स्लाव आहेत, असा सिद्धान्त फाल्मेरायर या जर्मन इतिहासकाराने 1830 साली मांडला. त्याला उत्तर देण्याच्या ईर्षेतून ग्रीक लोकविद्येला बळ मिळाले. निकोलाओस पोलितिस यांनी 1908 मध्ये लोकविद्या मंडळ स्थापन केले. गाणी, म्हणी, विधी हे अखंड परंपरेचे पुरावे म्हणून संकलित होऊ लागले. बोलीचे महत्त्वही तिच्या प्राचीनत्वावरून ठरू लागले. डेफ्नर यांचे व्याकरण 1881 चे, कोश 1923 चा. त्साकोनियाचेच सुपुत्र थानासिस कोस्ताकिस यांचा त्रिखंडात्मक कोश 1986-87 मध्ये अथेन्सच्या अकादमीने काढला. या श्रमांविषयी आदरच वाटतो. परंतु ज्या राष्ट्राने या बोलीला साक्षीदार म्हणून गौरविले, त्याने शाळेत आणि कचेरीत तिला जागा दिली नाही. तेथे 1976 पर्यंत ‘काथारेवूसा’ या कृत्रिम ग्रंथभाषेचे राज्य होते. पुढे लोकभाषेला मान्यता मिळाली, तीही प्रमाण लोकभाषेला. घरातल्या बोलीला दोन्ही वेळा उंबऱ्याबाहेरच थांबावे लागले.

या जतनदृष्टीत एक गोष्ट दुय्यम ठरते. ‘मी पाहतो’ यासाठी त्साकोन पुरुष ‘एन्नी ओरू’ म्हणतो, स्त्री ‘एन्नी ओरूआ’. वर्तमानकाळ धातुसाधित आणि सहायक क्रियापद यांनी सिद्ध होतो आणि बोलणाऱ्याचे लिंग त्यात उमटते. (‘पाहतो’ आणि ‘पाहते’ असा भेद करणाऱ्या मराठी वाचकाला हे सहज उमगेल.) ही रचना डोरिकचा अवशेष नव्हे, ती या बोलीने स्वतः घडविलेली आहे. पुराव्याच्या शोधात असलेल्या वंशाभिमानाला तिचा उपयोग नव्हता.

मार्माराच्या समुद्राकाठी त्साकोनांची आणखी एक वसाहत होती. 1922 च्या पराभवानंतर ते लोक ग्रीसमध्ये विखुरले. त्यांचे बोलीरूप कोस्ताकिस यांनी टिपून ठेवले आहे. ते बोलणारे आता कोणी नाही.