गझनीचा रस्ता: मुदतीमागून मुदत

मार्च 2007. तालिबानने पळवलेला एक इटालियन पत्रकार सुटतो, बदल्यात पाच तालिबानी कैदी सोडले जातात. त्याच्या अफगाण दुभाष्याला मात्र एप्रिलमध्ये ठार मारतात. टीकेचा भडिमार होतो आणि अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष करझाई जाहीर करतात की असा सौदा पुन्हा होणार नाही. पुढच्या शोकांतिकेची गाठ इथेच बसली.

13 जुलै, इंचॉन विमानतळ. सोलजवळच्या बुंदांगमधल्या सेममुल चर्चचे वीस जण अफगाणिस्तानला निघाले आहेत, बहुतेक तरुण, त्यांत बायकाच जास्त. अफगाणिस्तानचा प्रवास टाळा, असं सांगणाऱ्या सरकारी फलकासमोर ते हसत हसत फोटो काढतात. पुढे याच फोटोवरून देशाने त्यांना फार बोल लावले. मला दोष पाठवणाऱ्यांचा वाटतो. मिशनरी धाडण्यात तेव्हा अमेरिकेखालोखाल कोरियाच होता आणि उन्हाळ्यात तरुणांची पथकं परदेशी पाठवणं मोठ्या चर्चमध्ये रुळलं होतं. आदल्याच वर्षी काबूलमध्ये शांतता महोत्सवासाठी जमलेल्या शेकडो कोरियन ख्रिश्चनांना अफगाण सरकारने परत धाडलं होतं. तो इशारा पुरेसा होता.

19 जुलै, दुपार. अफगाणिस्तानात राहणारे तिघे कोरियन धरून आता तेवीस जण बसने काबूलहून कंदाहारला निघालेत. पोलिसांना कळवलेलं नाही, संरक्षण नाही. महमूदामुळे आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेल्या गझनीच्या मुलखात, काराबाग भागात, तालिबानचे बंदूकधारी बस अडवतात. सोळा स्त्रिया, सात पुरुष. त्यांना गटागटाने वेगवेगळ्या ठिकाणी लपवलं जातं, म्हणजे लष्करी सुटकेची वाट जवळपास बंदच.

21 जुलै, दुपारी 12. पहिली मुदत. मागणी असते कोरियाचं अफगाणिस्तानातलं सुमारे दोनशे जणांचं सैन्यपथक मागे घेण्याची. त्यात डॉक्टर आणि इंजिनिअर आहेत. ते वर्षअखेरीस परतणारच आहेत, असं सोल सांगतं. मग मागणी बदलते: तेवीस ओलिसांच्या बदल्यात तेवीस कैदी.

22 जुलै, संध्याकाळी 7. दुसरी मुदत. चोवीस तासांनी वाढते.

23 जुलै, संध्याकाळी 7. पुन्हा वाढते. कैदी अफगाण सरकारच्या ताब्यात, ओलीस कोरियाचे. सोलच्या हातात देण्यासारखं काहीच नाही आणि काबूल करझाईंचा शब्द मोडायला तयार नाही. बुंदांगमध्ये नातेवाईक टीव्हीसमोर बसून आहेत.

25 जुलै. आठ जण सुटल्याची बातमी येते. ती खोटी ठरते. त्याच दिवशी पथकाचे प्रमुख, पास्टर बे ह्योंग-ग्यू यांचा गोळ्यांनी चाळण झालेला मृतदेह काराबागमध्ये सापडतो. त्या दिवशी त्यांचा बेचाळिसावा वाढदिवस होता.

30 जुलै, दुपारी 12. आणखी एक मुदत टळते. 29 वर्षांच्या एका तरुणाला गोळ्या घालतात, मृतदेह दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला मिळतो.

यानंतर कोरियन अधिकारी गझनीत तालिबानशी समोरासमोर बोलले. 13 ऑगस्टला दोन स्त्रिया सुटल्या. मागे राहिलेल्या एकीने आपली सुटण्याची पाळी त्या दोघींपैकी एकीला दिल्याचं नंतर कळलं. उरलेले एकोणीस महिनाअखेरीस सुटले. सैन्य ठरल्याप्रमाणे वर्षअखेरीस परतेल आणि मिशनरी पाठवणं थांबेल, अशा कबुलीवर.

2 सप्टेंबरला हे एकोणीस जण इंचॉनला उतरले आणि त्यांनी देशाची माफी मागितली. ती वेळ त्यांच्यावर यायला नको होती.