वाळवंटी भागात गुलाबाची लागवड आणि ठिबक सिंचनाचे अनुदान

थरच्या वाळवंटाच्या कडेला असलेल्या पुष्कर (जिल्हा अजमेर, राजस्थान) परिसरात देशी गुलाबाची शेती होते. फुले देवळांत, तसेच गुलकंद व गुलाबजलासाठी जातात. आपणही अशा भागात गुलाब लावणार असाल, तर आधी पाणी तपासून घ्या. उन्हापेक्षा खारे पाणी गुलाबाला जास्त मारक ठरते.

तपासणी अहवालात ‘ईसी’ हा क्षारतेचा आकडा पाहा. तो 0.7 डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास पाणी चांगले. 3 च्या वर असल्यास गुलाब लावू नका. मधल्या आकड्यासाठी पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडा आणि अधूनमधून भरपूर पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली जाऊ द्या.

ठिबकने पाणी वाचते, पण क्षार ओल्या मातीच्या कडेला साठतात. हलका पाऊस पडला की तेच क्षार मुळांकडे येतात. त्यामुळे पहिल्या हलक्या सरीत ठिबक बंद करू नका. हे उलटे वाटेल, पण झाडे त्यानेच वाचतात.

मे-जूनमध्ये जोरात छाटणी करू नका. पानांची सावली खोडाला हवी असते. बुंध्याभोवती पेंढ्याचे आच्छादन करा, पाणी पहाटे द्या. मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये करा. फुले सकाळी लवकर तोडा. ऊन चढले की सुगंध कमी होतो.

प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजना 2015 मध्ये सुरू झाली. 2021-22 पर्यंत तिच्यात असलेल्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ या घटकाखाली ठिबक संचाच्या ठरवून दिलेल्या खर्चावर अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतर शेतकऱ्यांना 45 टक्के अनुदान मिळते. मर्यादा 5 हेक्टर. राजस्थानसह काही राज्ये यात स्वतःची भर घालतात.

राजस्थानात अर्ज ‘राज किसान साथी’ पोर्टलवर किंवा जवळच्या ई-मित्र केंद्रात करता येतो. जनआधार, जमाबंदीची नक्कल (महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारखा उतारा), माती-पाणी अहवाल आणि नोंदणीकृत पुरवठादाराचे दरपत्रक सोबत ठेवा.

मंजुरीपूर्वी संच खरेदी करू नका, दुकानदाराने कितीही घाई केली तरी. मंजुरीआधीच्या तारखेच्या बिलावर अनुदान नाकारले जाऊ शकते.